रंगाखालचा गंज

आपल्या नेपानगरच्या मुलांना आगगाडीचे अप्रूप असण्याचे वस्तुतः काही कारण नाही. मुंबईहून भुसावळ, बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी असा जाणारा लोहमार्ग गावाच्या कुशीतूनच जातो. १८७० साली मुंबई आणि जबलपूर या मार्गाने जोडली गेली, तेव्हापासून सातपुड्याच्या या खिंडींना गाडीच्या शिटीची सवय झालेली आहे. आमची मुले पाळण्यात असतानाच मालगाडीचा खडखडाट ऐकतात आणि बोलू लागली की डबे मोजू लागतात. तरीही, गेल्या वर्षी नाताळच्या गव्हाणीभोवती एक छोटी आगगाडी फिरवावी, असा विचार धर्मशिक्षणाच्या वर्गात निघाला, तेव्हा त्या मुलांच्या डोळ्यांत जे तेज चमकले ते मी अद्याप विसरलेलो नाही. घोडे, उंट आणि मेंढरे गव्हाणीकडे येतात, मग नेपानगरची माणसे कशाने येणार? गाडीनेच! हा एका नऊ वर्षांच्या मुलीचा युक्तिवाद होता आणि त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पैशाची व्यवस्थाही मुलांनीच केली. चार महिने घरोघर हिंडून त्यांनी जुनी वर्तमानपत्रे आणि वह्या गोळा केल्या आणि ती रद्दी विकून चार हजार सहाशे रुपये माझ्या हाती आणून दिले. कागदाच्या कारखान्यामुळे वसलेल्या गावातील मुलांनी कागद विकून पैसा उभा करावा, हे मला मोठे समर्पक वाटले. त्या पैशाचे मी काय केले, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे. त्यात माझी फजिती आहे, परंतु ती झाकून ठेवली तर या लेखास काही अर्थच उरणार नाही.

भुसावळच्या दुकानात

नोव्हेंबरमध्ये काही कामानिमित्त मी भुसावळास गेलो होतो. तेथे जुन्या वस्तूंच्या एका दुकानात पेटीत ठेवलेली एक खेळण्यातील आगगाडी माझ्या दृष्टीस पडली. हिरव्या रंगाचे, किल्लीवर चालणारे, चार चाकांचे इंजिन, तीन डबे आणि रुळांचे बारा तुकडे असा तो सरंजाम होता. इंजिन नव्या नवरीसारखे चकचकीत दिसत होते. दुकानदाराने किल्ली दिली, इंजिन हातात धरले, चाके भर्रकन फिरली आणि माझे मन त्याहून वेगाने फिरले. मी ना चष्मा पुसला, ना इंजिन उलटे करून पाहिले. मुलांचे सगळे पैसे मोजून दिले आणि पेटी काखोटीस मारून परतीच्या गाडीत बसलो.

ते इंजिन हॉर्नबी कंपनीचे, १९३० च्या दशकातील होते. या नावामागील इतिहास आमच्या वाचकांस उद्बोधक वाटेल. फ्रँक हॉर्नबी हा इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात १८६३ साली जन्मलेला एक साधा कारकून. आपल्या मुलांना खेळावयास मिळावे म्हणून त्याने पत्र्याच्या पट्ट्या कापून, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडून, नटबोल्टांनी जोडता येतील असे तुकडे घरीच तयार केले. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले आणि पुढे तेच खेळणे 'मेकॅनो' या नावाने जगभर पसरले. १९२० साली त्याच्या कारखान्याने किल्लीच्या आगगाड्या बनविण्यास आरंभ केला. दोन रुळांमधील अंतर बत्तीस मिलिमीटर, अंग कथिल चढविलेल्या पोलादी पत्र्याचे आणि पोटात घड्याळासारखी कमान, अशी ती गाडी होती. हॉर्नबी १९३६ साली निवर्तला. लिव्हरपूलचा तो कारखानाही १९७९ साली बंद पडला. परंतु त्या गाड्या अजून जगभर लोक जपून ठेवतात, दुरुस्त करतात आणि चालवितात. आपल्याकडे पुण्यास कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. नातेवाइकांकडे पुण्यास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना ते अवश्य दाखवावे.

असो. त्या रात्री मी एकटाच सभागृहाच्या जमिनीवर रूळ मांडून बसलो. किल्ली दिली. इंजिन निघाले, अर्धे वर्तुळ धावले, मग लंगड्या माणसासारखे डुलू लागले आणि 'कट्' असा आवाज होऊन थांबले. पुन्हा किल्ली दिली तर ती हातात नुसतीच गरगर फिरू लागली. दुसऱ्या दिवशी दुकानदारास दूरध्वनी केला. "वस्तू पाहूनच घेतली होतीत ना?" एवढेच उत्तर मिळाले. त्यात खोटे असे काहीच नव्हते. मी पाहिली होती, परंतु जे पाहावयास हवे होते तेच नेमके पाहिले नव्हते.

काकांचे टेबल

आमच्या धर्मग्रामात नेपा मिलमध्ये अडतीस वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे गाव त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांनी इंजिन हातात घेतले, कानाशी धरून हलविले, उलटे केले आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "फादर, याला रंग कोणी दिला?"

"का हो, काका?"

"स्क्रूच्या खाचेतसुद्धा रंग भरलाय. ज्यानं यंत्र दुरुस्त करून रंगवलं, तो आधी स्क्रू काढतो. ज्यानं नुसतं रंगवलं, त्यानं आत काय आहे ते बघितलंच नाही. किंवा बघितलंय, म्हणूनच रंगवलंय."

मग त्यांनी टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले आणि आम्ही ते इंजिन उघडावयास घेतले. किल्लीची यंत्रे उघडताना एक पथ्य पाळावयाचे असते, ते काकांनी मला प्रथम सांगितले. कमानीत ताण शिल्लक असेल तर तो आधी हळूहळू सोडवून घ्यावा लागतो, नाहीतर पोलादाची ती पट्टी सुटून बोटे कापते. त्यानंतर एकामागून एक दोष बाहेर येऊ लागले. ते मी क्रमाने सांगतो.

पहिला दोष कमानीचा. तिचे बाहेरचे टोक मोडलेले होते आणि ते तांब्याच्या तारेने खांबाला बांधून ठेवले होते. दोनचार फेऱ्यांपुरती किल्ली दिली की ते टिके, पूर्ण दिली की तार निसटे. दुकानात किल्ली थोडीच का दिली गेली, हे मला तेव्हा कळले.

दुसरा दोष अंगाचा. काकांनी एक लहानसा लोहचुंबक आणला आणि इंजिनाच्या अंगावरून फिरविला. पोलादी पत्र्यावर तो घट्ट चिकटे, परंतु पाण्याच्या टाकीच्या खालच्या बाजूस एका जागी तो घसरून पडे. तेथे पत्रा नव्हताच. गंजाने खाल्लेल्या भोकात लांबी भरून वर हिरवा रंग फासला होता. रंग थोडा उकलून पाहिला तेव्हा खाली मूळचा तांबूस रंग आणि त्याखाली गंजाची पापडी निघाली.

तिसरा दोष रुळांचा. सांध्याच्या खिळ्या वाकलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक जोडावर इंजिन उडी मारी. हा दोष मात्र उघड्यावर होता. पाहणाऱ्यास दिसला असता.

चौथा दोष सगळ्यांत मोठा. काकांनी भिंग घेऊन चाके पाहिली. चारही चाकांवर केसासारख्या बारीक भेगा होत्या. एका चाकाची कड फुगून चौकटीला घासत होती. त्यांनी नखाने किंचित दाबले आणि बिस्किटाचा तुकडा पडावा तसा कडेचा तुकडा वर्तमानपत्रावर पडला. अडतीस वर्षे यंत्रांत घालविलेल्या त्या माणसालाही नवल वाटले. "हे ओतकाम आहे," ते म्हणाले, "पण हे मोडलेलं नाही. हे आतून कुजलंय."

धातूला लागलेली कीड

काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी नंतर त्या विषयावर वाचन केले. ही चाके जस्ताच्या एका मिश्रधातूची असतात. जस्तात थोडे ॲल्युमिनियम आणि इतर धातू मिसळून तो रस साच्यात दाबून ओततात. इंग्लंडात या धातूस 'मॅझॅक' म्हणतात. त्याची मोठी अट ही की जस्त अतिशय शुद्ध असले पाहिजे. ओतताना त्यात शिशाचा अंश अगदी नाममात्र जरी मिसळला, तरी तो धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसतो. वस्तू साच्यातून निघते तेव्हा निर्दोष दिसते, वर्षानुवर्षे उत्तम चालते. परंतु हवेतील ओलावा त्या सांध्यांतून आत शिरत राहतो, धातू आतल्या आत गंजतो, फुगतो, तडकतो आणि अखेर त्याचा भुगा होतो. १९२३ च्या सुमारास हा रोग लोकांच्या लक्षात आला. १९२९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने शेकडा ९९.९९ शुद्धतेच्या जस्तापासून मिश्रधातू तयार करून त्यावर उपाय काढला. परंतु उपाय ठाऊक होऊनही प्रत्येक भट्टीवर तितकी दक्षता पाळली गेली नाही. म्हणूनच १९२० पासून १९५० पर्यंतच्या काळातील पुष्कळ खेळणी आज या किडीने ग्रासलेली आढळतात. सर्वच बिघडली असे नाही. एकाच कारखान्याची, एकाच वर्षाची दोन इंजिने शेजारी ठेवली तर एकाची चाके अभंग आणि दुसऱ्याची भुगा झालेली, असेही दिसते. कोणत्या दिवशी भट्टीत काय पडले, यावर ते अवलंबून.

या रोगास औषध नाही. रंग देऊन, गोंद लावून, तेल घालून तो थांबत नाही. तेवढा भाग काढून टाकून दुसरा बसविणे, एवढाच मार्ग असतो.

येथे आईबापांना एक गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या खेळण्यांच्या रंगात पुष्कळदा शिसे असते आणि शिसे लहान मुलाच्या मेंदूस अपाय करते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांस ९० भाग याहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीच्या खेळण्यांवर भरवसा ठेवू नये. आजोबांच्या काळचे रंगीत खेळणे तान्ह्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये. ते दुरुस्त करावयाचे असल्यास रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, ओलसर ठेवून, मुलांपासून दूर बसून काढावा आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. काकांनी ते काम अंगणात, नाकातोंडावर फडके बांधून केले आणि नातवंडांना त्या बाजूस फिरकू दिले नाही.

एक पत्र आणि एक प्रश्न

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. इंजिनाचे असे तुकडे झाले असताना एका परिचितांकडून मला निरोप आला. एका मोठ्या शहरातील कोणा संग्राहकाने त्यांच्या भ्रमणध्वनीवर आमच्या इंजिनाचे छायाचित्र पाहिले होते. मी खरेदी केल्याच्या दिवशीच मोठ्या हौसेने ते काढून पाठविले होते. संग्राहकाची ते बारा हजार रुपयांस घेण्याची तयारी होती.

वाचकहो, मी धर्मगुरू आहे, परंतु मातीचाच आहे. त्या रात्री माझ्या मनात जे विचार आले ते लिहावयास लाज वाटते, तरी लिहितो. तुकडे पुन्हा जोडता आले असते. चाकांच्या भेगा पक्क्या गोंदाने बुजवून वर रंगाचा हात फिरविला असता तर भिंगावाचून त्या दिसल्या नसत्या. मी एक शब्दही खोटा बोललो नसतो. 'पाहून घ्या,' एवढेच म्हटले असते. मुलांचे पैसे अडीच पटींनी परत आले असते आणि माझी चूक कोणाला कळलीही नसती. हेतू किती चांगला! नाताळ, गव्हाणी, गरीब मुले! पाप जेव्हा चांगल्या हेतूचा अंगरखा घालून येते, तेव्हा त्यास ओळखणे फार कठीण जाते.

सेमिनरीत शिकलेले एक प्रकरण मला तेव्हा आठवले. तेराव्या शतकातील महान धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ईशज्ञानाच्या ग्रंथात खरेदीविक्रीतील लबाडीचा स्वतंत्र विचार केला आहे. विक्रेत्याने वस्तूचा दोष सांगितलाच पाहिजे काय, असा प्रश्न त्यांनी तेथे घेतला आहे. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: दोष उघड असेल, जसे घोड्याला एकच डोळा असणे, आणि विक्रेत्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तो बोलून दाखविलाच पाहिजे असे नाही. परंतु दोष गुप्त असेल आणि त्यायोगे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, किंवा त्याच्यावर संकट ओढवणार असेल, तर तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. न सांगणे ही फसवणूकच होय. आमच्या रुळांच्या वाकड्या खिळ्या म्हणजे एका डोळ्याचा घोडा. परंतु चाकांच्या भेगा आणि तारेने बांधलेली कमान हे गुप्त दोष.

आपल्या देशाचा कायदाही याहून फार दूर नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे घर वा जमीन विकणाऱ्याने, स्वतःस ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे. बैल विकणारा, मोटारसायकल विकणारा, मुलीच्या लग्नासाठी शेताचा तुकडा विकणारा, अशा आपल्यापैकी प्रत्येकास हा प्रश्न केव्हातरी पडतो. बैल पावसाळ्यात लंगडतो हे उन्हाळ्यातील गिऱ्हाइकास सांगावयाचे की नाही? विहीर चैत्रात आटते हे आश्विनात आलेल्या माणसास सांगावयाचे की नाही? प्रश्न आगगाडीपुरता नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना तो निरोप सांगितला. त्यांचे मत विचारले असे नव्हे, परंतु मनातून मला त्यांनी 'विकून टाका' म्हणावे असे वाटत होते, हे कबूल करतो. काका कानस बाजूला ठेवून म्हणाले, "फादर, मिलमध्ये तडा गेलेला बेअरिंग आम्ही पुसून-रंगवून पुढच्या पाळीच्या हवाली कधी केला नाही. पुढच्या पाळीवर आपलाच भाऊ असतो."

अक्विनास यांच्या ग्रंथातील पूर्ण प्रकरण एका वाक्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घरी येऊन मी त्या संग्राहकास पत्र लिहिले आणि चारही दोष, मी काय किंमत दिली ती, सर्व कळविले. आठ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. त्यांना ते इंजिन नको होते, परंतु कळविल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. बारा हजार रुपये गेले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मुलांपुढे हिशेब

तरीही एक काम बाकी होते आणि ते सर्वांत अवघड होते. रविवारच्या वर्गात मी इंजिनाचे तुकडे एका ताटात घालून मुलांपुढे ठेवले. म्हणालो, "हे तुमच्या पैशाचे आहे. मी नीट पाहिले नाही. चूक माझी आहे." पापनिवेदनाच्या वेळी मी नेहमी दुसऱ्या बाजूस बसतो. त्या दिवशी मला माझ्या लोकांचे धैर्य समजले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग ती नऊ वर्षांची मुलगी उठली, ताटात डोकावली आणि तिने विचारले, "मग नवी चाकं कधी बसवायची?" मुलांची क्षमा अशी असते. ती चर्चा करीत नाही, पुढच्या कामाला लागते.

काम असे झाले. अशा इंजिनांची नवी चाके ब्रिटनमध्ये तयार मिळतात. हॉर्नबीच्या गाड्या जपणाऱ्यांची एक संघटनाच तेथे १९६९ पासून आहे. परंतु ती मागविण्याइतका पैसा आमच्याकडे नव्हता. काकांनी पितळेची कांब आणली आणि बऱ्हाणपूरच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर बसून चार चाके स्वतः कातली. मूळच्या चाकांना आऱ्या होत्या, यांना नाहीत. आसावरील दातेरी चाक पितळेचे होते, ते शाबूत निघाले. कमानीचे टोक तेवढेच तापवून मऊ केले, त्यास भोक पाडून नवा आकडा वळविला. सगळी कमान तापविली तर तिचे पाणी उतरते आणि ती मेणासारखी होते, म्हणून हे काम फार जपून करावे लागते. टाकीच्या भोकातील लांबी काढून तेथे पत्र्याचे ठिगळ डाख देऊन बसविले. सांगाडा रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला. रुळांच्या खिळ्या दोन मोठ्या मुलांनी पकडीने सरळ केल्या. रंग शेवटी दिला, आणि तोसुद्धा मूळचा तांबूस. ठिगळ दिसते. काकांनी ते मुद्दाम घासून लपविले नाही.

हे सर्व चालू असता मी काकांच्या हातांकडे पाहत असे. ज्या नेपा मिलमध्ये ते राबले तिचे उत्पादन १९५५ साली सुरू झाले आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंनी ती राष्ट्रास अर्पण केली. वर्तमानपत्राचा कागद बनविणारा तो देशातील पहिला कारखाना. सातपुड्याच्या रानातील बांबू आणि सालई येथे येत आणि कागद होऊन देशभर जात. योगायोग असा की त्याच १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. पुढे यंत्रे जुनी झाली. २०१६ साली नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले ते २०२२ च्या ऑगस्टपर्यंत. त्या सहा वर्षांत गावाने काय भोगले ते मी येथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांनी ते भोगलेलेच आहे. काका तत्पूर्वीच निवृत्त झाले होते, परंतु मुके झालेले भोंगे त्यांनाही ऐकू येत होते. चार इंचांच्या इंजिनात कमान बसविताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान होते, ते केवळ खेळण्याचे नव्हते. निरुपयोगी ठरविलेली वस्तू उघडावी, प्रामाणिकपणे तपासावी, कुजलेले तेवढे काढावे, धड असेल ते राखावे आणि पुन्हा चालती करावी, यावर त्यांचा अजून विश्वास होता.

गव्हाणीभोवती

नाताळच्या रात्री मिस्सा आटोपल्यावर मुलांनी किल्ली दिली. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळावर, म्हणजे सुमारे पावणेचार मीटरांच्या फेरीवर, आमची गाडी तीन डबे घेऊन गव्हाणीभोवती पाच वेळा फिरली आणि बाळ येशूच्या समोर येऊन आपोआप थांबली. थांबण्याची जागा काकांनी आधी मोजून ठेवली असावी, असा माझा संशय आहे. ते कबूल करीत नाहीत.

पेटीच्या झाकणात आम्ही एक कागद चिकटविला आहे. त्यावर काय जुने, काय नवे, कोणी केले आणि केव्हा केले, हे स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे. तडकलेली चारही चाके एका डबीत घालून पेटीतच ठेवली आहेत. उद्या ही गाडी कोणाच्याही हाती गेली तरी त्यास फसावे लागणार नाही. पुढच्या पाळीवर आपलाच भाऊ असतो.

जुनी वस्तू घेणाऱ्यांसाठी काकांनी सांगितलेल्या पाच खुणा येथे देतो. यंत्र उलटे करून पाहावे. स्क्रूच्या खाचेत रंग भरला असेल तर सावध व्हावे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवून लांबी भरली आहे काय ते तपासावे. यंत्र पूर्ण ताणाने आणि पूर्ण भाराने चालवून पाहावे, हातात धरून नव्हे. आणि ओतीव भाग भिंगाने पाहावेत.

या खुणा वस्तूंच्या झाल्या. परंतु वर्षाअखेरीस मनुष्याने स्वतःलाही एकदा उलटे करून पाहावे, असे मला वाटते. प्रभू येशूने बाहेरून पांढऱ्या केलेल्या थडग्यांचा दाखला दिला, तो कोणाला उद्देशून दिला हे आपण जाणतो. ते धर्मशास्त्र शिकलेले लोक होते, माझ्यासारखेच. आपल्याही अंगावर कोठे लांबी भरलेली असते, कोठे कमान तारेने बांधलेली असते. दुकानात आपण चालतो, रुळावर भार येताच थांबतो. जस्तात शिसे मिसळले की त्यास उपाय नाही. मनुष्याच्या हृदयाचे मात्र तसे नाही. देवाच्या कृपेने त्याचे कुजलेले चाकही बदलते, फक्त ते उघडून दाखविण्याची आपली तयारी हवी. रंग देण्याची घाई करू नये. आधी स्क्रू काढावेत.

यंदाही मुलांनी रद्दी गोळा करावयास सुरुवात केली आहे. गाडीला एक स्थानक हवे, असे त्यांचे म्हणणे आहे. या खेपेस खरेदीस काका बरोबर येणार आहेत.